न केलेलं मागणं

आबाइआंग,
१४ जून, मंगळवार

माझी तिआरेती,

वेळेवर जेव, केस ओले ठेवून झोपू नकोस, बाकी आशीर्वाद. इथे सगळे जिवंत आहेत. डुकरीला पिल्लं झाली. तुझ्या वडिलांचा गुडघा दुखतो, आणि जाळं ओढायची वेळ आली की जास्तच दुखतो.

हे पत्र शेजारचा बाउरो लिहितोय. मला अक्षर येत नाही, आणि तो चर्चमध्ये प्रार्थना सांगतो म्हणून दर दोन ओळींमागे देवाला आत घुसवायला बघतो. मी म्हटलं, "देवाला वेगळं पत्र लिही. हे माझ्या नातीला आहे." लिहून झालं की फोटो काढून तुला पाठवेल. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तोंडातून नको ते निसटतं. कागदावर निसटलं तर बाउरोला खोडता येतं.

तू म्हणालीस, सुवा शहरातल्या तुझ्या कॉलेजने सहलीत शनिवार मोकळा दिलाय. आख्ख्या हॅम्बुर्गात कुठेही जा, संध्याकाळी परत या. तुम्ही मुली नदीत बोटीने फिरणार, मग दुकानं. मला हसू आलं. इथल्या बेटांवर जन्मभर बोटीतून ये-जा केलेली पोर, आता तिकीट काढून बोटीत बसणार! पण जा हो. मोकळा दिवस तुझा आहे.

त्याच गावात तुझा उरिआमकाका राहतो. हे मी आपलं सांगितलं.

नाताळला त्याचं कार्ड येतं. "मी बरा आहे", एवढंच. पाकिटावरचा पत्ता बाउरो खाली उतरवून देतोय. तू तिथे जा, असं मी म्हणत नाहीये. हे दोनदा वाच. मी मागितलं तर ती बुबुती होईल, आणि आपल्यात बुबुतीला नाही म्हणता येत नाही. मागच्या सुट्टीत चुलत बहिणीने तुझ्या नव्या चपला मागितल्या आणि तू अनवाणी घरी आलीस, वर हसत होतीस. ते हसू माझ्या ओळखीचं आहे.

तुझा काका जहाजावरच्या नोकरीतून शेवटचा सुट्टीवर आला, तेव्हा तू लहान होतीस. तोही असाच हसत होता. मामाने जाकीट मागितलं. चुलत्याने रेडिओ. मग बूट गेले, घड्याळ गेलं. शेवटी दाढीचं यंत्र उरलं, ते तुझ्या बापाने मागितलं. त्याला दाढी कुठे येते? चार केस आहेत, ते मीच उपटून दिले असते.

तो निघाला त्या दिवशी मी गुडघाभर पाण्यात उभी होते. "लवकर ये" एवढं ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, सगळ्यांचं मागून झालं. न मागणारं एक माणूस तरी याच्या घरात असू दे. तो गेला, आणि मग कुठलंच जहाज त्याला इकडे घेऊन आलं नाही.

बाउरो लिहायचा थांबलाय. म्हणतो, "म्हातारे, पोरीला सरळ सांग ना." मी म्हटलं, "तू शाई संपव, अक्कल राहू दे."

तर शनिवारी ऊन असलं की बोटीत बस. आणि समजा पाय तिकडे वळलेच, तर मी दिलेली माडीच्या काकवीची बाटली ने. रिकामे हात दिसले तर त्याला वाटेल, आणखी एक मागणारं आलं.

काही न मागता,
तुझी आजी


आबाइआंग,
२१ जून, मंगळवार

उरिआम बाळा,

तुझी तब्येत विचारत नाही. पोट सुटलंय असं तिआरेती म्हणाली. बरं झालं. हे पत्र तिच्याच फोनवरून तुझ्याकडे येईल.

शनिवारचा दिवस तिने फोनवर आधी मला सांगितला, मग आख्ख्या घराला. तू दार उघडलंस, ती कोणाची ते कळलं, आणि पहिलं विचारलंस, "काय हवंय?" ती म्हणाली, "काही नको, काका. हे आजीने दिलंय." तू बाटली धरून उभाच. मग आतून तुझी बायको ओरडली. आंके ना तिचं नाव? पोरीला शब्द कळले नाहीत, सूर कळला. बायकांचा तो सूर सगळीकडे एकच असावा. मग तू बाजूला झालास.

मासा रांधून भातावर वाढलास, नारळाचं दूध घालून. डब्यातलं! ते ऐकून मी खालीच बसले.

नंतर तिला नदीवर नेलंस. तिच्या मैत्रिणींची बोट समोरून गेली, त्या हाका मारत होत्या, आणि ही तुझ्याशेजारी बाकावर बसून राहिली. तेव्हा तू बोललास ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. "सगळ्यांनी काही ना काही मागितलं, त्याचा राग नाही गं. आईने काहीच मागितलं नाही. मला वाटलं, तिला माझ्याकडून काही नकोच."

इथे मी बाउरोला थांबायला सांगितलं. त्याने चहा घेतला, माझाही घेतला. आता पुढे सांगते.

मला वाटत होतं, मी तुला मोकळं ठेवलंय. आणि तू तिथे बसून हे समजत होतास. आपण दोघंही भलतेच शहाणे निघालो.

तर आता मागते. गावसभेच्या मानेआबात, छपराखाली सगळ्यांसमोर मागतात तसं, नीट, नाव घेऊन. बाउरो साक्षीला आहे, आणि बाहेर दोन शेजारणी नारळ खवायचं सोडून कान देऊन बसल्यात. नाताळला ये. आंकेलाही आण. अंगावर चांगलं काही घालून येऊ नकोस, गाव अजून सुधारलेलं नाही.

उरिआम, मला तू हवा आहेस. ही माझी बुबुती.

मागणारी,
तुझी आई