शहाणपणावरचा इलाज

प्रिय अक्का,

फुशारकी मारणं माझ्या स्वभावात नाही. आज मारणार आहे, आणि ती ऐकण्याचा पहिला हक्क तुझा आहे. सात वर्षांच्या एका मुलीला न्यायला आलेला छकडा आज आपल्या इंदापुरातून रिकामा परत गेला!

तुला मखरात बसवलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. पाळी आली म्हणजे मुलगी शहाणी झाली, आणि शहाणी झाली की सासरी धाडायची. मी तुला विचारलं होतं, आता तुला सगळे पाढे येतील का? तू हसलीस. तेव्हा तुझं पोट दुखत होतं का गं? दुखत असेल तर आईला का नाही सांगितलंस?

बारामतीला गेलीस आणि बारावं सरायच्या आत बाळंतपणात संपलीस. तुला नेमकं काय झालं होतं, ते मी सांगू शकत नाही. तुला कुणी तपासलंच नाही.

म्हणून मी नर्स झाले. इथल्याच दवाखान्यात असते.

हिवाळ्यात त्या मुलीला, चंद्राला, तिची आजी घेऊन आली. बालविवाहाविरुद्ध कायदा आला तरी तिचं लग्न गुपचूप उरकलेलं होतं. आजीला फक्त पोटदुखीची पुडी हवी होती. पोर शानी झालीया, म्हणाली, बारामतीची मानसं न्यायला येनार हायती.

मी पोट तपासलं. उजव्या बाजूला, खाली, टणक गाठ लागली.

"आजी, ही शहाणी झालेली नाही. आजारी आहे."

"तुमचं आजून लगीन न्हाय, आन् मला शिकिवताय व्हय?"

मी वाद घातला नाही. तिचा हात धरून गाठीवर ठेवला. निम्म्या आळीची बाळंतपणं केलेला हात तो. तो तिथंच थांबला.

"ह्ये काय हाय, बाई?" तिनं हळूच विचारलं.

मी खोटा धीर दिला नाही. इतक्या लहानपणी पाळी येणाऱ्या बहुतेक मुलींसाठी औषध नाही; त्यांना मूल म्हणूनच वाढू द्यायचं, एवढंच हातात असतं. पाळी गाठीमुळे आली असेल, तर मात्र गाठ काढता येते. चंद्राचे वडील बिचकले. पोट फाडलेली पोर कोण नांदवणार? आजीनंच त्यांना गप्प केलं. दौंडमार्गे आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टरबाईंनी अंडाशयावरची मोसंबीएवढी गाठ काढली. नंतर एकदा थोडा रक्तस्राव झाला, मग पाळी बंद. हळूहळू छातीही पहिल्यासारखी सपाट झाली. अक्का, ती चिंचेवर चढते आता!

आज सासरची माणसं आली. आजी ओसरीवर सुपारी कातरत बसली होती. तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"बोली काय हुती? पोर शानी झाल्याव न्यायची," ती म्हणाली. "आमची पोर आजून शानी न्हाय."

"झाली हुती की!" सासरा म्हणाला.

"हुती. बरी झाली."

सासऱ्यानं छकडा वळवायला सांगितला. मी गणवेशात होते, तरी सगळ्यांसमोर मोठ्यानं हसले.

तुला शब्द देते, अक्का. माझ्या हद्दीतल्या एकाही लहान मुलीला तपासल्यावाचून कुणाला शहाणी ठरवू देणार नाही. गाठ निघाली तर पुण्याला नेईन. नाही निघाली, तर छकड्याच्या आडवी उभी राहीन.

तुझी धाकटी,
यमू