निनादला शिंगं का आली नाहीत

तालुका पालम, जि. परभणी
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय पद्मजाताई,

रुपालीचा नमस्कार. इकडं सगळी खुशाल आहेत. नाशिकला आता गारवा पडायला लागला असेल, तुमचे गुडघे सांभाळा. आमच्याकडं यंदा पाऊस थांबता थांबेना. चिखलात उभं राहून मेंढरांचे खूर सडले. माझा नवरा रामप्रसाद आणि मामा (माझे सासरे, भुजंगमामा) रोज सकाळी एकेकीचा पाय धरून औषध लावतात. सासूबाईंचा खोकला बरा आहे. तुम्ही पाठवलेला च्यवनप्राश त्या भाकरीला लावून खातात, मी काही बोलत नाही.

तुमचं पार्सल सोमवारीच मिळालं. तुमचे फोनही दिसले, नऊ. उचलले नाहीत. फोनवर तुमचा आवाज आला की माझ्या तोंडून आपोआप गोड गोड निघतं, तशी सवयच लागलीय. म्हणून बारावीनंतर पहिल्यांदा एवढं मोठं काहीतरी हातानं लिहायला बसलेय. आज रविवार असून निनादचा फोटो आला नाही, म्हणून तुम्ही वाट बघत असाल.

निनादचं सांगतेच. आधी दुसरं सांगते.

तुम्ही एकदा विचारलं होतं, हे दत्तक कोकराचं तुला सुचलं कसं? तेव्हा मी म्हणाले होते, मुक्या जिवांच्या मायेपोटी. ते खोटं होतं. माझ्या मेंढरांच्या व्हिडिओंच्या चॅनलला जाहिरातीचे पैसे म्हणजे तीन-चार महिन्यांतून एकदा, ते पण रिचार्जला पुरतील एवढे. मग मी मोठमोठ्या चॅनलवाल्यांचे व्हिडिओ बघितले. सगळे एकच सांगतात, जाहिरातीवर बसून राहू नका, वस्तू विका, मेंबर करा. मी घोंगड्या विकायला काढल्या. चार गेल्या, त्यातली एक 'टोचते' म्हणून परत आली. पशुखाद्याच्या एका कंपनीनं पैसे देऊ केले, तर मामा म्हणाले, "जे आपुन चारीत न्हाई ते चांगलं हाय म्हून कसं सांगावं?" तेही गेलं. लाइव्हवर रडलं की लोक भेटी पाठवतात म्हणतात. मला कॅमेऱ्यासमोर रडू येत नाही, हसूच येतं.

मागच्या दिवाळीत कोकरं जन्मली तेव्हा डोक्यात आलं. महिना तीनशे रुपये. कोकरू तुमचं, नाव तुम्ही ठेवायचं, दर रविवारी त्याचा फोटो आणि छोटा व्हिडिओ. महिन्याभरात एक्केचाळीस मेंबर झाले. मामांनी नावं ऐकली आणि पोट धरून हसले. "ही कियारा, ह्यो प्रिन्स, आन् ह्यो काय म्हनलीस? निनाद? आरं वा, सायबाचं पोरगं आलं वाड्यावर!" आमच्यात मेंढरांचा मुक्काम पडतो त्याला वाडा म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मला वाटलं होतं, शिकलेल्या लोकांना आवडतात तसलं काहीतरी नाव असेल.

ताई, आता जे सांगते त्याला सबब समजू नका. आमच्या घरात भाचीला, बहिणीला कोकरू द्यायची रीत आहे. दिलेलं कोकरू घरी न्यायचं नसतं, ते आमच्याच कळपात वाढतं. मेलं, लांडग्यानं नेलं किंवा अडचणीत विकावं लागलं, तर त्याच्या जागी दुसरं उभं करायचं आणि 'हे तुझं' म्हणायचं. माझ्या नणंदेचं, सविताचं असं कोकरू लग्नापासून चालू आहे. त्याची तिसरी की चौथी बदली असेल. ती कधी विचारत नाही की पहिलं कुठं गेलं. तिला तिचं एक मेंढरू आहे, हिशेब संपला.

मी तुमच्याशीही तसंच वागले. मनात काही आलंच नाही. खरंच आलं नाही, पार या सोमवारपर्यंत.

सोमवारी पार्सल उघडलं तेव्हा आम्ही चौघंही अंगणात होतो. आतून निळं, इवलंसं, चार पायांना चार भोकं ठेवलेलं स्वेटर निघालं. मामांनी ते बोटावर धरून फिरवलं. "आता काय म्हनावं! मेंढराचीच लोकर कातरून मेंढरालाच सुटर!" रामप्रसाद तर खाली बसून हसायला लागला. मीही हसत होते. हसत हसतच मी तुमची चिठ्ठी मोठ्यानं वाचायला घेतली, सगळ्यांना ऐकू जावी म्हणून.

'रुपाली, निनाद माझा मुलगा. एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या कॉलेजच्या स्वेटरची वीण उसवून हे विणलंय. पंचवीस तारखेला पूर्ण्याला उतरते, सव्वीसला बाळाचा पहिला वाढदिवस तुमच्या वाड्यावर करू.'

पुढचं मी मनातच वाचलं, पण सासूबाई म्हणाल्या, "वाच की. थांबलीस का?" म्हणून वाचलं.

'एक विचारायचं राहून जातं. त्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका आधी डाव्या डोळ्याच्या वर होता, फेब्रुवारीपासून उजव्या डोळ्याच्या वर दिसतो. मोबाइलमध्ये उलटं दिसत असेल ना? तसंच असणार. मी कुणाला विचारलं नाही.'

ताई, तुम्हाला फेब्रुवारीपासून दिसत होतं. आठ महिने तुम्ही दर रविवारी तो व्हिडिओ बघत होता आणि माझ्या वतीनं कारणही तुम्हीच शोधून ठेवलं होतं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला पकडलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही तर विचारलंसुद्धा नाही, कारण मी काय उत्तर देईन याची तुम्हाला भीती वाटत होती.

मामांनी स्वेटर खाली ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, म्हणून हातातच धरून बसले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "रुपे, त्या बाईचं लेकरू तू दुसऱ्यांदा मारलंस."

मामा एकदम उसळले. "तिला काय बोलायलीस? म्या इकलं. नर ठिवून काय त्याचं लगीन लावू? मेंढरं इकूनच ह्या घराची चूल पेटती!"

"तुमी मेंढरू इकलं," सासूबाई म्हणाल्या. "हिनं त्येचं नाव चालू ठिवलं."

तेव्हापासून मला धड झोप नाही. सासूबाई मला वाईट बोलणारी बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. 

तर आता सरळ लिहिते. निनाद नाही. फेब्रुवारीत, साडेतीन महिन्यांचा असताना व्यापारी टेम्पो घेऊन वाड्यावर आला. मामांनी आठ नर विकले, त्यात निनाद होता. नर दरवर्षीच विकतात, खाटकाकडंच जातात. आम्ही त्यावरच जगतो आणि मला त्याची लाज वाटत नाही. लाज याची वाटते की माझ्या दोनशे व्हिडिओंमध्ये तो टेम्पो एकदाही दिसला नाही. कोकरं उड्या मारताना दिसली, सूर्य उगवताना दिसला. पैसे त्यालाच मिळत होते.

फेब्रुवारीपासून तुम्ही बघताय ती मादी आहे. ठिपका जवळपास तसाच होता म्हणून तिला उभी केली. आणि मादी विकावी लागत नाही, म्हणजे पुन्हा बदलायची कटकट नको, हा विचारही मी केला होता. तुम्ही जूनमध्ये विचारलंत, "नराला शिंगं येतात ना, निनादला अजून का आली नाहीत?" मी म्हणाले, "काहींना उशिरा येतात ताई." तुम्ही म्हणालात, "आमच्या निनादलाही मिशी उशिराच आली." मला वाटलं तुम्ही कोकराची चेष्टा करताय. मी हसले होते. ते हसणं आता कानातून जात नाही.

अजून एक राहिलंय, ते मी घरातही सांगितलेलं नाही. मामांना कुठलं कोकरू कुणाचं ते ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. निनादच्या आईला एकाच सडाला दूध होतं, म्हणून त्याला मी बाटली पाजायची. तो माझ्याच मागं फिरायचा. टेम्पोची फळी बघून बाकीची सात चढली, हा चढेना. मामा म्हणाले, "रुपे, तू चढ म्हंजी ह्यो यील." मी चढले. तो आला. मी त्याचं डोकं धरलं, तर केसाखाली दोन्ही बाजूंना शिंगाची टेंगळं बोटाला लागली. 'हा निनाद आहे, हा नको' एवढं म्हणायचं होतं. मामांनी ऐकलं असतं. मी म्हणाले नाही, कारण तीनशे रुपये तर दुसऱ्या कोकरावरही येणारच होते. मी दुसऱ्या बाजूनं खाली उतरले.

आज संध्याकाळी मी लाइव्ह येऊन बाकीच्या चाळीस जणांनाही सांगणार आहे कुठलं कोकरू आहे आणि कुठलं नाही. रामप्रसाद म्हणतो, "समदं बंद पडंल, माहिती हाय ना?" माहिती आहे. पत्र्याची अर्धी खोली बांधायची राहिलीय, राहू दे. पण मेंबरांमधल्या कुणी कुणाचं नाव ठेवलंय हे मला आता कुठं माहीत आहे? तुमचे पैसे परत पाठवते. त्यानं काय होणार, हे मलाही कळतं.

स्वेटर मी तिला घातलं नाही. घडी घालून माझ्या पेटीत ठेवलंय. ते पोस्टानं पाठवायची हिंमत होत नाही, वाटेत हरवलं तर मी कुठं तोंड दाखवू?

तिकीट रद्द केलंत तर मी समजेन. नाही केलंत, तर पंचवीसला मी पूर्णा स्टेशनवर स्वेटर घेऊन उभी राहीन. तुम्ही ते माझ्या हातातून घ्या आणि बोलायचं नसेल तर परतीच्या गाडीत बसा. मी मागं येणार नाही. पण एक मागते. फलाटावर मला एकदा त्याच्याबद्दल विचारा. कुठल्याही निनादबद्दल विचारा. खरं सांगेन.

ज्याच्यापुढं चालत त्याला टेम्पोत चढवलं, ती
रुपाली