अठ्ठावन्न युनिटांचं घर

६ जानेवारी, सकाळी सव्वासहा
अकरा आठवडे या वहीत एक अक्षर नाही. क्षमा मागायची तर कुणाची? वाचणारा मी एकटाच. तरी मागतो, सवय मोडू नये. कारण: काम. दुसरं कारण, आणि तेही खरं: वही सासूबाईंच्या उशीखाली सापडली. उशी उंच करायला घेतली होती म्हणे. वाचली नसावी.

वीज नियामक आयोगात ऊर्जा विश्लेषक म्हणून एकोणीस वर्षं झाली. माझ्या एकट्याच्या नावाचा प्रस्ताव यंदा पहिल्यांदाच. घरगुती ग्राहकाला महिन्याला शंभर युनिटांपर्यंत वीज सवलतीत मिळते. ही मर्यादा साठवर आणावी, असं मी लिहिलं आहे. चौघांचं कुटुंब साठात नीट राहू शकतं. पुरावा: माझं घर. मी, बायको, मुलगी, सासूबाई. दर महिन्याला अठ्ठावन्न युनिटं. सव्वीस महिन्यांचा आलेख काढला. रेषा पट्टी ठेवून ओढल्यासारखी.

स्वतःचं घर पुरावा म्हणून वापरावं का, असं स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. मग नाव गाळून ‘नमुना कुटुंब क्र. १’ असं लिहिलं. प्रश्न मिटला.

९ जानेवारी
सचिवबाईंनी विचारलं, नमुना कुटुंब क्रमांक दोन कुठे आहे? म्हटलं, शोधतोय. त्या म्हणाल्या, थंडीतही अठ्ठावन्न आणि उन्हाळ्यातही अठ्ठावन्न, हे कसं? म्हटलं, शिस्त. त्यांनी चष्मा काढून पुसला. पटलं की त्या असंच करतात.

कायदा विभागातला सहकारी, आम्ही त्याला कलमदादा म्हणतो, मला आता अठ्ठावन्न म्हणूनच हाक मारतो. अठ्ठावन्न, जरा मीठ सरकव. हसा लेको.

११ जानेवारी, सुट्टी
घरात नियम पुन्हा वाचून दाखवले. गीझर सहा ते साडेसहा. इस्त्री आठवड्यातून एकदा. खोली सोडताना दिवा बंद. मुलगी म्हणाली, बाबा, तुमचा कॉम्प्युटर वर्षभर चोवीस तास चालू आहे त्याचं काय? समजावलं की त्यावर साठच्या मर्यादेचं मॉडेल चालतं, मध्येच बंद केलं तर पहिल्यापासून सुरुवात. वीज कशी वाचवावी हे शोधायलाही वीज लागतेच. बायको म्हणाली, बरं. तिच्या ‘बरं’मध्ये हल्ली आदर जाणवतो.

खुबा मोडल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, तरी आकडा तसूभर हलला नाही. हे आज त्यांना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, जावईबापू, मग मी या घरात आहे की नाही तेच एकदा तपासून घ्या. विनोदी स्वभाव.

१४ जानेवारी
विसरलेली फाइल घ्यायला साडेअकराला घरी आलो. बाथरूमच्या आरशावर वाफ. सासूबाई म्हणाल्या, हवाच दमट आहे. त्यांच्या खोलीत चांगलीच ऊब होती. खिडकी दक्षिणेला आहे, त्यामुळे असेल. बांधकामाची दिशा आणि वीजबचत यावर परिशिष्ट जोडावं.

१९ जानेवारी, दुपारी चार
जाहीर सुनावणी. सभागृह गच्च, खुर्च्या कमी पडल्या. घरी शिवणकाम करणाऱ्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, साठात मी मशीन चालवू की मुलांना अभ्यासाला दिवा देऊ? म्हटलं, दोन्ही, नियोजनाने. त्या म्हणाल्या, नियोजन करूनच नव्वद होतात, साहेब. मागून आरडाओरडा. मी डगमगलो नाही. पडद्यावर आलेख लावला आणि विचारलं, या कुटुंबाला जमतं, मग तुम्हाला का नाही?

तेवढ्यात एक निवृत्त मीटर रीडर उभे राहिले. काखेत कापडी पिशवी. म्हणाले, पस्तीस वर्षं लोकांचे मीटर वाचले, साहेब. इतकी सरळ रेषा जित्या मीटरची नसते. मीटर बंद पडला की कंपनी आधीच्या तीन महिन्यांची सरासरी काढते आणि तोच आकडा दर महिन्याला छापते. बिलावर उजव्या कोपऱ्यात चौकोन असतो, त्यात मीटरची स्थिती लिहितात. तो बघितला होतात का?

मी ठणकावून सांगितलं की तो चौकोन बिलावर आणला कुणी? मी. आठ वर्षांपूर्वी, कंपनीशी भांडून. टाळ्या पडतील असं वाटलं. ते म्हणाले, म्हणून तर तुम्हालाच विचारतोय.

हशा. अध्यक्षांनी सुनावणी महिनाभर पुढे ढकलली. एकंदरीत प्रस्ताव गाजला.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात
बिलं काढली. आकडा मोबाइलवर मेसेजने येतो, तोच मी तक्त्यात भरतो. कागद बायको फाइलला लावते. सव्वीस कागद, सव्वीस चौकोन. प्रत्येकात एकच मजकूर: मीटर बंद, सरासरी आकारणी. अक्षरं ठळक आहेत. ठळक असावीत हा आग्रहही माझाच होता.

सरासरी कुठल्या तीन महिन्यांची, तेही शोधलं. मुलीची शाळा संपली होती, कॉलेजचे प्रवेश त्या वर्षी लांबले होते, म्हणून ती आणि बायको सासूबाईंच्या शुश्रूषेला त्यांच्या घरी गेल्या होत्या. म्हणजे नमुना कुटुंब क्र. १ म्हणजे मी एकटा. आणि मी तेव्हा दोन्ही वेळा बाहेर जेवत होतो.

बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. कंपनीकडे तीनदा तक्रारही केली, मीटर शिल्लक नाहीत म्हणतात. तुम्ही म्हणालात, आकड्यांचं मला शिकवू नकोस. असं म्हटल्याचं मला आठवत नाही. वाक्य मात्र माझंच वाटतं.

२० जानेवारी
माघार नाही. मीटर बंद होता, शिस्त बंद नव्हती. नव्या मीटरसाठी स्वतः अर्ज केला. आयोगाचं नाव वापरायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं, पण अर्जात ‘हुद्दा’ असा रकानाच होता. दुपारी तीनला मीटर बसला. आता नाकावर टिच्चून साठच्या आत राहून दाखवतो.

२७ जानेवारी
सात दिवसांत एकोणपन्नास. थंडीची लाट. अपवादात्मक आठवडा, धरू नये.

४ फेब्रुवारी
पंधरा दिवसांत एकशे चार. घरातल्यांची बैठक बोलावली. मुलीने सांगून टाकलं की गीझर दोन वर्षं माझी पाठ वळल्यावरच लागतो. सासूबाई म्हणाल्या, खोलीतला हीटर माझा, डॉक्टरांनी सांगितलाय. शिक्षा द्यायची तर अंधारात द्या, जावईबापू, तेवढीच बचत.

मी सगळी बटणं बंद करून मीटरसमोर उभा राहिलो. लाल दिवा लुकलुकतच होता. मुलगी म्हणाली, तुमचा कॉम्प्युटर राहिला. दिवसाला दोन युनिटं. साठची मर्यादा साठच्या मर्यादेच्या मॉडेलनेच खाल्ली.

तरीही तत्त्व म्हणून प्रस्ताव बरोबर आहे. बायको म्हणाली, बरं. हा तो आदर नव्हे. बहुधा आधीही नव्हता.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळी
महिना पूर्ण. दोनशे चौदा.

सचिवबाई फोनवर म्हणाल्या, तांत्रिक कारण दाखवून प्रस्ताव गुपचूप मागे घ्या, कुणाला काही कळणार नाही. साफ नकार दिला. मी तोंड लपवणारा माणूस नाही. चार पानांचं निवेदन लिहिलं: थंडी, खुबा, मॉडेल, कंपनीचा हलगर्जीपणा. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, त्या शिवणकामवाल्या बाई येणार आहेत ना उद्या? त्यांना हे सगळं ऐकवणार?

चारही पानं पुन्हा चाळली. त्यांचे नव्वद मी जास्त म्हटले होते.

निवेदन सासूबाईंनी मागून घेतलं. उशी अजून थोडी उंच हवी म्हणाल्या.

उद्या: अकरा वाजता सुनावणीत उभं राहून ‘नमुना कुटुंब माझं, दोनशे चौदा युनिटं, प्रस्ताव मागे’ एवढंच म्हणून खाली बसणे.