धण्याचं काम संपलं

आई, आज आमच्या लॅबमधलं धण्याचं काम संपलं. उद्यापासून दुसरी वनस्पती. हायसं वाटायला हवं, पण तू दुसऱ्यांदा चाललीयस असं वाटतंय. घरात कुणाला सांगितलं तर म्हणतील, बरं मग? तू मात्र विचारलं असतंस, "धनं? आन् त्येचं काय करता गं दिसभर?" तर ऐक. नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीत आमची छोटी लॅब आहे. सकाळी मटणवाल्याकडून बकऱ्याची ताजी रक्तवाहिनी आणायची, तिची अंगठीएवढी चकती कापायची, कोमट खारट पाण्यात दोन तारांमध्ये अडकवायची. औषध टाकून ती आधी आवळायला लावायची. मग धण्याचा अर्क थोडा थोडा सोडायचा आणि स्क्रीनकडे बघत बसायचं. ताण दाखवणारी, वर चढलेली रेघ हळूहळू खाली येते. म्हणजे शीर सैल पडली; अशाने बीपी उतरेल का, ते शोधायचं. तू कपाळावर हात मारला असतास, "कालवन करायचं सोडून तारंला टांगताव व्हय?"

मसाला मार्केटात दिवसभर धणे चाळून तू कोपरखैरण्याच्या खोलीवर यायचीस आणि पुन्हा धणेच भिजत घालायचीस. डोळे आले, धण्याचं पाणी. ऊन लागलं, धण्याचं पाणी. माझी बारावी चालू आहे, ओट्याला टेकून मी पुस्तकात डोकं खुपसलंय, दातावर दात, आणि तू गिलास पुढे धरतेस. मी वैतागते, "आई, ह्यात काय सायन्स आहे?"

"सायन तुझ्यापाशी ठिव. गिलास रिकामा दिसू दे." मग ओल्या हाताने माझी मान चोळत म्हणतेस, "किती ताठ झालीयास गं पोरी. जरा सैल सोड की अंग."

तुझं सगळं खरं निघालं असं काही मी म्हणणार नाही, उगाच मिरवशील. तारेला टांगलेली चकती वेगळी आणि जितंजागतं माणूस वेगळं. गिलासभर पाण्याने बीपीची गोळी सुटत नाही. तू तर गोळी कधी चुकवली नाहीस, तरी गेलीसच. पण एक गोष्ट तुला सांगायचीच होती. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. ते घासून काढलं की त्याच अर्काने ती पहिल्यासारखी सैलावत नाही. रेघ जराशी उतरते आणि थांबते. पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी मी जिन्यात जाऊन रडले, वेड्यासारखी. धण्याचं पाणी मी घरी करते गं, रोज पिते. पण चोळायला तुझा हात नाही, मान तशीच ताठ राहते.

आज संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "धण्याचं सगळं धुऊन ठेव हं, उद्या नवीन सॅम्पल येतंय." आता लॅबचं दार उघडल्यावर धण्याचा तो वास येणार नाही. तू कामावरून यायचीस तेव्हा जिन्यात तुझ्याआधी तोच वास वर यायचा, आणि मी कडी काढायला धावायचे. हे पत्र कुठे जाणार नाही, माहीत आहे, म्हणून तुलाच सांगते. मॅडमना मी म्हटलं, "ठेवलं धुऊन." खोटं बोलले. धण्याची पूड करायचा खल माझ्या बॅगेत आहे, न धुतलेला.