जोडाच्या दिवशी

प्रिय धाकट्या,

फोनवर तू लगेच ‘बरं, बघतो’ म्हणतोस आणि मग तुझं ते बघणं वर्षभर चालतं. म्हणून लिहायला बसले. बाबांना आता घरात एकटं ठेवता येत नाही आणि मी पार थकलेय, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या आठवड्यात आमच्या गोदीत युद्धनौकेचा मधला जोड होता. हल्ली जहाज एका जागी खालून वर उभं करत नाहीत. वेगवेगळ्या शेडमध्ये त्याचे घराएवढे ब्लॉक बनतात, तेही उलटे, म्हणजे वेल्डरला मान वर करून छताला वेल्डिंग करावं लागत नाही. मग क्रेनने सुलटे करायचे, आत पाइप, केबल, अगदी खलाशांचे पलंगसुद्धा बसवायचे आणि शेवटी एकाला एक जोडायचे. बाबांना हे कधी पटलंच नाही. जन्मभर उन्हात उभं राहून त्यांनी तळाच्या कण्यापासून वर जहाजं बांधली. मला म्हणतात, पोरांचे ठोकळे खेळायचा पगार घेतेस. ठोकळे म्हणे! दोन ब्लॉकच्या तोंडांत बोटभर फरक पडला तर एक पाइप दुसऱ्यासमोर येत नाही, आणि ते मापायचं काम माझ्या बोडक्यावर.

उन्हाने लोखंड फुगतं, म्हणून माप उजाडायच्या आत घ्यावं लागतं. बाबांचा चहा थर्मासमध्ये भरून, काठी पलंगाला टेकवून मी अंधारातच निघाले. युद्धनौकेचं काम, त्यामुळे फोन गेटवर जमा. शेजारच्या काकूंनी किती वेळा फोन केला, ते मला संध्याकाळी सुटल्यावर कळलं.

बाबा न्हाणीघरात घसरून पडले होते. दाराला आतून कडी. काकूंनी सुताराला बोलावून दार तोडेपर्यंत ते ओल्या फरशीवर पडून होते. हाड मोडलं नाही, नशीब आपलं. मी धापा टाकत पोचले तर पहिला प्रश्न काय, जोड बसला का? बसला म्हटलं, केसभरही फरक नाही. म्हातारा असा खूश झाला रे! मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि कुकर लावला.

तेव्हापासून त्यांना उठवते, पुसते, भरवते आणि कामावर पळते. काल बसमध्ये उभ्याउभ्या डोळा लागला. साहेबांना म्हटलं, मापाचं काम सोडते, मला टेबलावरचं काम द्या, म्हणजे दुपारी घरी जाता येईल.

हे बाबांना कळलं आणि ते जेवलेच नाहीत. नंतर म्हणाले, धाकट्याला पत्र लिही, मला घेऊन जा म्हणावं. तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर त्यांना करमणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मी नाही म्हटलं, भांडले, तरी हटले नाहीत. आत्ताही समोर बसून मी लिहितेय की नाही ते बघताहेत. मला त्यांना पाठवायचं नाही रे. पण माझ्यात आता त्राण उरलेलं नाही. पुढच्या जोडाआधी ये. आणि आल्यावर त्यांना एवढं म्हण, की तुम्ही माझ्याकडे यावं असं मलाच कधीपासून वाटत होतं.

तुझीच,
ताई