रविवारची दुरुस्ती

प्रिय बारक्या,

तुझी बायको पार्लरच्या खुर्चीत डोक्याला रंग फासून बसली आहे आणि मी मागच्या टेबलाशी हे लिहिते आहे. तिला वाटतंय, मी सामानाची यादी करते आहे. रंग धुवायच्या आत लिहून झालं पाहिजे, नाहीतर माझ्यापायी तिच्या केसांची पार केरसुणी व्हायची. जाताना हे तिच्याच पर्समध्ये टाकीन. फोन केला असता, पण फोनवर तू "जाऊ दे गं ताई" म्हणतोस आणि मलाही मग ते जाऊ द्यायला फार सोपं जातं.

आईच्या कपाटात तो व्हिडिओ गेम सापडला तेव्हा मला आधी तुझे गुडघे आठवले, वर्तमानपत्रावर टेकलेले. लहानपणी तो बंद पडला तेव्हा दुकानदाराने हात वर केले होते, बाबा म्हणाले फेकून द्या, आणि तू सगळ्यांचा डोळा चुकवून आईच्या भाजीच्या सुरीने तो डबा उघडलास. मी घर डोक्यावर घेतलं. सुरीचं टोक मोडलं, पण संध्याकाळी टीव्हीवर चित्र नाचायला लागलं. आई सुरीबद्दल चकार शब्द बोलली नाही. उलट शेजारणींच्या इस्त्र्या नि मिक्सर गोळा करून तुझ्यापुढे आणून ठेवायला लागली. "आमचा मेकॅनिक आहे ना," म्हणायची. कौतुक तिचं व्हायचं, घाम तुझा गळायचा. पण तू खूश होतास, आणि पुढे त्याच कामावर तू घर उभं केलंस.

आई गेल्यावर तुझं येणं थांबलं. भांडण असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवता तरी आलं असतं. तुझी दुरुस्तीच्या दुकानातली नोकरी, माझं पार्लर, आज नको उद्या, असं करत करत आपण नुसते फोनवरचे भाऊबहीण झालो. मग तुझं मनगट मोडलं. मी दवाखान्यात आले, सफरचंदं ठेवली नि गिऱ्हाईक थांबलंय म्हणून परत पळाले. ती सफरचंदं आठवली की अजून लाज वाटते. प्लास्टर निघाल्यावर तू घरी बसून आहेस, दुकानात जायचं टाळतोस, एवढं कानावर होतं. म्हणून गेम सापडल्या सापडल्या, तो चालत नाही असं सांगायला तुला फोन केला. खरं सांगायचं तर गेमसाठी नाही. तू यावंस म्हणून.

आणि तू आलास की! हत्यारांची पिशवी खांद्याला लावून. आधी ॲडॉप्टर तपासलास, मग वायर, मग आपल्या त्या फुंकरींचा विषय निघाला. लहानपणी गेमची कॅसेट लागली नाही की आपण गाल फुगवून फुंकायचो. तू म्हणालास, त्या फुंकरींनीच वाट लावली, थुंकीचा ओलावा बसून तांबं काळं पडलं. मग कापसाच्या काडीला स्पिरिट लावून कॅसेटचा एकेक तांब्याचा दात पुसलास. खोडरबर घासलंस. कॅसेट बसते त्या आतल्या खाचेतल्या पिना चिमट्याने उचलून सरळ केल्यास, एक सुटलेला सोल्डरचा डाख पुन्हा दिलास. मधेच थांबून मोडलेलं मनगट चोळलंस. स्पिरिट नीट सुकू दे, पुढच्या रविवारी लावून बघू, म्हणालास आणि गेलास.

पुढच्या रविवारी चित्र आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तू पुन्हा खोलायचास, पुन्हा पुसायचास. मधे आपण जेवायचो, तू सोफ्यावर आडवा व्हायचास, बाबांच्या घोरण्याची नक्कल करायचास आणि मी हसून हसून लोळायचे. रविवार यायच्या आधी मी घर झाडूनपुसून लख्ख करायचे. इतकं मी कुणासाठी कधी केलं नव्हतं. तू वीज तपासायचं मीटर लावलंस की ते प्रत्येक पिनेला बीप वाजायचं, सगळं ठीक म्हणायचं. तू मात्र पुन्हा पुन्हा तेच तपासायचास. मीटर खोटं बोलत नाही, म्हणजे माझाच डाख कच्चा आहे, म्हणालास. मी चहाच्या निमित्ताने आत निघून गेले. गेल्या रविवारी तू झाकणाचे स्क्रू लावलेस, हाताकडे बघितलंस आणि म्हणालास, "बास ताई, आता माझ्याच्याने हे होत नाही." मला वाटलं, या गेमचा कंटाळा आलाय.

आज रंग लावता लावता तुझ्या बायकोने सगळं सांगितलं. तू मनाशी ठरवलं होतंस म्हणे, की हा जुना डबा जमला तरच दुकानात परत जायचं. नाही जमला म्हणून तू गोदामात पार्सलं मोजायची नोकरी धरलीस, आणि सोमवारी हत्यारांची पिशवी दुकानाच्या मालकाला परत देऊन टाकणार आहेस. ती हे सांगत होती आणि माझ्या हातातला ब्रश तिच्या कानावर रंग लावत होता. तिने आरशात बघून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, रंगाचा वास डोळ्यांना झोंबला.

बारक्या, तो गेम तू पहिल्याच रविवारी दुरुस्त केला होतास. दुसऱ्या दिवशी मी टीव्हीला लावला, तर झोकात चालला, ती ट्यांव ट्यांव सुद्धा वाजली. तुला सांगायला फोन हातात घेतला आणि मनात आलं, आता हा कशाला येईल? मग पार्लरातलं बिनरंगाचं नेलपॉलिश घेऊन खाचेतल्या पिनांवर एक पातळ हात फिरवला, वीज अडावी म्हणून. तुझ्या स्पिरिटला ते दाद देत नव्हतं, आणि तुझ्या मीटरची टोकदार काडी त्यातून आरपार जात असणार, म्हणून मीटर बीप वाजत होतं. कुठे खरवडलं गेलं असलं तर शनिवारी मी पुन्हा लावायचे. तू माझ्या डोळ्यांदेखत स्वतःच्या हाताला दोष देत होतास आणि मी चहा गाळत होते. मला माफ कर असं लिहायचीही लायकी वाटत नाही. पण तुझा हात चांगला आहे रे. डाख पक्का आहे. माझ्याशी बोलू नकोस, या रविवारी येऊ नकोस, हवं तर पुढेही कधी येऊ नकोस. पण सोमवारी पिशवी परत करू नकोस. ती घे आणि कामाला बस.

तुझीच, पण तोंड दाखवायला लाजणारी,
ताई