खालचा दोरा

११ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर राहिले, रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, तेव्हा आपले पत्रच बरे.

बिट्टीचे सांगतो. कॉलेजच्या युवक उपक्रमात तिने नाव घातले आहे, हे तुला माहीत आहे. सेवा म्हणून ती दर रविवारी वृद्धाश्रमात जाते, तिथल्यांची नखे कापते, कपडे बदलते, पेपर वाचून दाखवते. हाताचे काम म्हणून सायकल दुरुस्ती शिकली. घरात शिलाईची दोन मशीन असताना सायकल का, असे मी विचारले, तर म्हणाली, शिवणाऱ्यांची सायकलही पंक्चर होतेच की. पोहण्याचेही झाले. आता मोहीम राहिली आहे. सतरा तारखेपासून चार दिवस बिट्टी, डॉक्टरांची मुलगी आणि दोघी जुळ्या बहिणी अशा चौघींनी डोंगरावर नकाशा पाहून चालायचे, स्वतः रांधायचे, तंबूत राहायचे. त्यांच्या बाई रात्रीच्या मुक्कामाला भेटतात, दिवसभर मात्र मागे राहतात. फोन न्यायचा नाही. पालकांची सही लागते. फॉर्म आठ दिवस टेबलावर आहे. ही असती तर लेकीसाठी तिने पहिल्याच दिवशी करून टाकली असती.

तंबू मात्र शिवून झाला. बिट्टीने सगळ्यांना आधीच सांगून ठेवले होते की तंबू माझे बाबा देणार. ही गेल्यापासून दहा महिने हिच्या मशीनला मी हात लावला नव्हता. खालच्या दोऱ्याची, हिने भरलेली शेवटची बॉबिन तशीच आत होती. यावेळी तिथेच बसलो. बॉबिन काढून पाहिलीसुद्धा नाही, होती तशी राहू दिली. मधली मोठी शिवण पुरी झाली तेव्हा ती संपली. वरचा दोरा माझा, खालचा हिचा. बिट्टीला हे बोललो नाही. तुला सांगावेसे वाटले.

गुडघ्यांना जप. आहे तसाच लोभ राहू दे.

तुझा धाकटा

•

१५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सही कर. हे पत्र पोचेपर्यंत केली नसशील तर पुढचे वाचू नकोस, आधी पेन उचल. पोरगी सतरा वर्षांची आहे. तिच्या वयाचा असताना तू गल्लीतल्या कुत्र्याला भिऊन शाळेला वळसा घालून जायचास, आणि ती डोंगर चढते म्हणते. आईवर गेली आहे, आपल्या नशिबाने.

तुझे मशीनवर बसणे वाचून मात्र डोळे भरून आले. ती बॉबिन भरली तेव्हा मी समोरच होते रे. नोव्हेंबरात आले होते, तेव्हा माझ्या खिडक्यांचे पडदे ती शिवत होती. बसवत नव्हते, तरी बसली. आता नुसते टाचून देते, लटकवून लांबी बघा, मग दोरा ओढून काढा आणि पक्के शिवून घ्या, असे म्हणाली. म्हणून कच्चा दोरा भरला. रंग हुबेहूब तुमच्या तंबूच्या दोऱ्याचा. मी म्हटले, अगं, घोटाळा होईल. तर म्हणाली, दुकानात आम्ही दोघेच, घोटाळा करणार कोण? त्यानंतर ती मशीनवर बसली नाही. पडदे अजून तसेच टाचलेले लटकताहेत, ओढून काढायचा मला धीर होत नाही. तुझ्याकडचा दोरा तरी लेकीच्या कामी आला, बरे झाले.

बिट्टीला सांग, आत्याने मागच्या पत्रासोबत पाठवलेले गरम मोजे टोचतात म्हणून कपाटात टाकायचे नाहीत.

माया आहेच, ती वेगळी काय लिहू.

ताई

•

१८ ऑक्टोबर, दुपार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र काल दुपारी एकला आले. बिट्टी सकाळी सहालाच गेली होती. सही मी चौदालाच केली होती.

ताई, टाचायचा दोरा आणि तंबूचा दोरा यांत काय फरक असतो, ते तुला माहीत असण्याचे कारण नाही. तू चांगल्या मनाने लिहिलेस. त्या शिवणीची कापलेली पट्टी टोपलीत पडली होती. ती दोन्ही हातांनी ताणली. वरचा दोरा टिकला. खालचा एकेक टाका सुटत गेला, आवाजही झाला नाही. तीस वर्षे हे काम करतो. नवा माणूसही मशीनवर बसताना आधी बॉबिन बघतो.

तंबूला मधोमध तीच एक शिवण आहे. वारा नसेल तर चार दिवस काय, महिनाभर टिकेल. वारा आला तर टिकणार नाही.

काल तीन वाजता मोहिमेच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या कारकुनाने काय काम म्हणून विचारले. मी विचारले, मुली पोचल्या का. तो हसला, म्हणाला, सगळे आईबाप पहिल्या दिवशी हेच विचारतात, पोचल्या, जेवल्या, निश्चिंत राहा. मी बरे म्हटले आणि ठेवला. बाकीचे बोललो नाही.

रात्र कशी काढली ते लिहीत नाही. आज सकाळी अंगणातल्या ताडपत्रीची कड फडफडू लागली, तेव्हा दहा वाजता पुन्हा फोन केला आणि सगळे सांगितले. तंबू वाऱ्यात लावू नका, शिवण कच्ची आहे, चूक माझी आहे. कारकून यावेळी हसला नाही. तो म्हणाला, बाई दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला डोंगरावरून फोन करतात. कालच सांगितले असते तर सहाला निरोप गेला असता, बाई रात्री मुलींजवळच होत्या, त्यांच्याकडे जादा तंबू आहे. आता मुली डोंगरधारेच्या वाटेला लागल्या. बारानंतर बाई निघाल्या तरी वर पोचायला तीन तास.

बारा वाजून गेले. निरोप मिळाला, बाई निघाल्या, असा ऑफिसचा फोन आला. आता दीड वाजतो आहे. ताडपत्री मी उतरवून ठेवली, तिचा आवाज सहन होईना.

धाकटा

•

२० ऑक्टोबर

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. पत्र आत्ता हातात पडले. अरे शहाण्या, पोर डोंगरावर आणि तू मला पत्र लिहीत बसलास? बसायचे होते ते त्या ऑफिसच्या दारात जाऊन. शेजारच्या सुनेला तुझा नंबर लावायला सांगितला, घंटा वाजत राहते, कोणी उचलत नाही. तिने चार वेळा लावला. एक ओळ लिही, पण आज लिही.

माझ्या पत्राने हे झाले की माझ्या पत्राने कळले, काही सुचत नाही.

ताई

•

२२ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आम्ही सगळ्या सुखरूप आहोत, हे आधी लिहिते. बाबा म्हणाले, तुला कार्ड टाकलं, पण त्यांचं कार्ड म्हणजे तीन शब्दांचं.

पहिला दिवस मस्त गेला. मी नकाशा उलटा धरला आणि अर्धा तास सगळ्यांना ओढ्याकाठी फिरवलं, ते जाऊ दे. दुसऱ्या दिवशी धारेवर वारा इतका की बोललेलं ऐकू येईना, वर पाऊस. दोन वाजता आम्ही तंबू लावून आत शिरलो. मी म्हणत होते, काही घाबरू नका, माझ्या बाबांनी शिवलाय. आत्या, तासाभरात तो शेंग उकलावी तसा मधून उकलला. वरपासून खालपर्यंत. एक टोक उडालं आणि आम्ही चौघी भर पावसात बसलेल्या.

डॉक्टरांची मुलगी सगळ्यात जास्त भिजली. आधी कुडकुडत होती, मग कुडकुडणं थांबलं आणि म्हणाली, मला आता थंडी वाजत नाही, आपण इथेच झोपू. तिला बटण लावता येईना. प्रथमोपचारात शिकवलं होतं की कुडकुडणं थांबलं तर ते बरं लक्षण नाही. जुळ्या म्हणत होत्या, थांबू, बाई येतील. मी म्हटलं, बाई संध्याकाळी, तोवर थांबायचं नाही. तिचे ओले कपडे काढून माझे कोरडे घातले. वृद्धाश्रमात दर रविवारी तेच तर करते. बाही आधी आपल्या मनगटावर गोळा करायची आणि आतून त्यांचा हात धरून ओढून घ्यायचा, म्हणजे ताठ हातसुद्धा जातो. तुझे टोचरे मोजे तिच्या पायात गेले. फाटका तंबू तिच्याभोवती गुंडाळला आणि दोन्ही बाजूंनी काखेत धरून तिला खाली आणायला लागलो. ती वाटेत झोपू नये म्हणून आम्ही तिला पाढे म्हणायला लावत होतो. सतराचा येत नाही म्हणून ती रडली.

चार वाजता बाई वर येताना दिसल्या. त्यांच्याकडे कोरडं सगळं होतं. ती दोन दिवस दवाखान्यात होती, आता घरी आहे, खोकला आहे. मोहीम अर्थातच अपुरी धरली.

आता ज्यासाठी लिहितेय ते. बाबांनी घरी आल्या आल्या सांगितलं की आईने भरलेला दोरा होता, कच्चा निघाला. त्याचा मला राग नाही. मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं. म्हणाले, अठराला सकाळी. पण मी सामान आणायला गेले तेव्हा ऑफिसातले काका म्हणाले, तुझे बाबा फार हळवे, सतरालाच फोन करून पोचली का विचारत होते. आत्या, माझे बाबा कधी कुणाला फोन करत नाहीत. तुझं एक पत्र फळीवर आहे, पंधरा तारखेचं. मी वाचलेलं नाही, माझं नाही ते. पण तू मला सांग, त्यांना सतराला माहीत होतं का? डॉक्टरांच्या मुलीला काही झालं असतं तर?

तू खोटं बोलणार नाहीस, म्हणून तुला विचारते.

तुझी बिट्टी

•

२५ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बिट्टीचे पत्र आले आहे. तिने मला एक प्रश्न विचारला आहे. कोणता, ते तुला सांगायला नको.

दोऱ्याची चूक ही चूक होती. तुझ्या जागी मी असते तर मीही तीच बॉबिन वापरली असती, आणि मला तर बॉबिन कुठे बसते तेही ठाऊक नाही. पण लेकीला खोटी तारीख सांगितलीस ती चूक नव्हे, ते खोटे बोलणे झाले. आई गेल्यावर त्या पोरीला घरात एकच माणूस उरले, त्याने तरी धड सांगावे.

मी तिला गुरुवारी उत्तर टाकणार आहे, आणि खरे तेच लिहिणार आहे. त्याआधी तिला तुझ्या तोंडून कळले तर माझे पत्र दोन ओळींचे होईल. लहानपणी तुझ्या वतीने आईकडे मी पुष्कळदा बोलले. आता बोलणार नाही.

जेवत जा. काळजी आहे म्हणून कडक लिहिले.

ताई

•

२८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र काल मिळाले. काल संध्याकाळीच बिट्टीला सांगितले. ती दारात सायकल उलटी करून चाक काढत होती. मी तिथेच उभा राहून सांगितले की तुझ्या आत्याचे पत्र सतराला एक वाजता आले, दीडला मी पट्टी ताणून पाहिली, तीनला फोन केला आणि बोललो नाही. खोटी तारीख सांगितली तेही कबूल केले.

तिने का म्हणून विचारले. लाज वाटली असे सांगणार होतो. लाज होतीच, पण खरे कारण ते नव्हते. फोनवर बोलायला तोंड उघडले आणि असे वाटले की आता ते लोक तो तंबू काढून फेकून देतील. हिच्या हातचे जे शेवटचे काही चालत होते, ते निकामी आहे, हे माझ्याच तोंडाने सांगायचे. आज वारा नाही, उद्या सांगू, असे मनाला म्हटले. मुलगी तंबूच्या आत आहे हे मला कळत होते, ताई. तरी एक दिवस मी दोऱ्याची बाजू घेतली. हे असेच तिला सांगितले.

ती चाकाच्या तारा एकेक करून चाचपू लागली. मग तिने अजून काही राहिले आहे का, असे विचारले. मी नाही म्हटले. ती म्हणाली, मी तिथे सगळ्यांना तुमच्या नावाने धीर देत होते, आणि तेव्हा तुम्हाला माहीत होते. मी हो म्हटले. नंतर हात धुऊन आली आणि म्हणाली, हे डॉक्टरांनाही सांगायला हवे, आत्ता चला. तिथे लांबण लावू नका, आईचे काढू नका, जे झाले तेवढे बोला आणि गप्प उभे राहा.

तसेच केले. डॉक्टरांनी दारातच ऐकून घेतले. म्हणजे आदल्या दिवशी तुम्हाला ठाऊक होते, असे त्यांनी दोनदा विचारले, दोन्ही वेळा मी हो म्हटले. त्यांनी बसा म्हटले नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे. आतून त्यांच्या मुलीने खोकत खोकत बिट्टीला हाक मारली. बिट्टी आत गेली. मी जिन्यात थांबलो. पाऊणएक तास झाला असेल. आतून दोघींचे हसणे ऐकू आले, मग पुन्हा खोकला.

मोहीम मार्चमध्ये पुन्हा आहे, चौघी जाणार आहेत. तंबू बाई दुसरीकडून घेणार. बिट्टीने हे मला जिना उतरताना सांगितले, माझ्याकडे न बघता. मी बरे म्हटले.

घरी येताना ती पुढे चालत होती. तिचा वेग तुला माहीत आहे, मी मागे पडत गेलो. हाक मारली नाही. पेठेच्या चौकात ती थांबली आणि मी गाठेपर्यंत तशीच उभी राहिली. मग पुन्हा पुढे निघाली, पण जरा सावकाश.

गुरुवारचे पत्र दोन ओळींचे लिहिलेस तरी चालेल. आम्हा दोघांवरचा जीव कमी करू नकोस.

तुझा धाकटा